राजगड–तोरणा–रायगड: दम असूनही ट्रेक अर्ध्यात का सुटतो?

धारकरी_५

जानेवारीत आम्हा पाच जणांना राजगड–तोरणा–रायगड करायचा आहे. पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाजाने वर, पहिला मुक्काम राजगड. दुसऱ्या दिवशी राजगडाच्याच संजीवनी माचीवरून डोंगरधारेने तोरणा, तिसऱ्या दिवशी मोहरी गाव, चौथ्या दिवशी सिंगापूर नाळेने (नाळ म्हणजे डोंगरातली उभी घळ) कोकणात उतरून रायगड.

हाच बेत याच गटाचा एकदा तोरण्यावर मोडला आहे. तिथूनच पायथ्याच्या वेल्ह्यात उतरून सगळे घरी. कोणी पडलं नव्हतं, तापबिप नव्हता, दमही कोणाचा गेला नव्हता. दोघांच्या टाचांना फोड, एकाच्या मांड्या सोलवटलेल्या, एकीचे खांदे भरून येऊन बोटांना मुंग्या, आणि पाचव्याला रात्रभर झोप नाही. सॅक १३ ते १५ किलोच्या, पायात रोजचे पळायचे बूट, सुती मोजे. एक दिवसाचे ट्रेक सगळे नेहमी करतात.

व्यायाम वाढवा हे सोडून सांगा. बूट, मोजे, सॅक, औषधं यांत नेमकं काय बदलायचं? आणि कोणाचं बिनसलंच तर बाहेर पडायच्या वाटा कुठे कुठे आहेत?

---

मेटकरी

पायांबद्दल बाकीचे सांगतीलच, आधी वजन बघू. एक दिवसाच्या ट्रेकला पाठीवर चार-पाच किलो असतात. तेच पाय, तेच बूट, पण वर १४ किलो आले की पाऊल पसरतं, टाच बुटात जास्त सरकते आणि खांद्याचे पट्टे रुततात. तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारी तिथूनच आल्या आहेत.

अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर सॅक जाऊ देऊ नका. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, पाण्यासकट. हिशोब असा बसतो: रिकामी सॅक १.८, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.४, तंबूचा वाटा १.३, कपडे १.२, स्टोव्ह-भांड्यांचा वाटा ०.७, चार दिवसांचा शिधा १.८, टॉर्च-औषधं-किरकोळ ०.९ आणि पाणी ४ किलो. झाले १३.३. यात कॅमेरा नाही, पॉवरबँक नाही, कोणाच्या तरी आईने दिलेला लाडवांचा डबा नाही.

या वाटेवर कमी करण्यासारखं बरंच आहे. राजगडावर आणि पायथ्याच्या गावांत पिठलं-भाकरी मिळते, मोहरीत आधी फोन करून ठेवलात तर घरी जेवायची आणि ओसरीवर झोपायची सोय होते. म्हणजे तंबू नको आणि शिध्यातला एक किलो नको. १३.३ चे ११ झाले. गडावर मुक्कामाला सध्या परवानगी आहे की नाही हे मात्र निघायच्या आठवड्यात गुंजवण्यात आणि वेल्ह्यात विचारून घ्या, हे नियम बदलत असतात. नसेल तर गावात झोपून पहाटे चढायचं, वेळापत्रक त्याप्रमाणे लावायचं.

पाण्यावर मात्र काटकसर करू नका. जानेवारीत राजगड ते तोरणा धारेवर भरवशाचं पाणी नाही. राजगडाच्या पद्मावती माचीवरून माणशी चार लिटर घेऊनच निघायचं. याचा अर्थ सॅक सगळ्यात जड असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि नेमका तेव्हाच संजीवनी माचीच्या आळू दरवाजाखालचा उभा, घसाऱ्याचा (सुट्या माती-दगडांचा) उतार येतो. फोड आणि गुडघे तिथे सुरू होतात, तोरण्याच्या चढाला फक्त कळतात.

बाहेर पडायच्या वाटा:

राजगडावरून गुंजवणे किंवा पाली दरवाजाने खाली. पाली दरवाजाची वाट रुंद, बांधीव पायऱ्यांची आहे. ज्याचे गुडघे किंवा अंगठे दुखतात त्याला चोर दरवाजाने उतरवू नका.

राजगड–तोरणा धार मध्येच एका खिंडीत डांबरी रस्त्याला छेदते. हा रस्ता वेल्ह्याच्या बाजूहून भुतोंड्याकडे जातो. ही जागा फार मोलाची. निम्मा दिवस संपलेला असतो, पुढे तोरण्याच्या बुधला माचीचा चढ आणि कातळटप्पे असतात, आणि इथे गाडी येऊ शकते. निर्णय इथे घ्यायचा, वर जाऊन नाही. आदल्या दिवशीच एखाद्या जीपवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण रस्त्यावर वाहतूक तुरळक असते.

तोरण्यावरून बिनी दरवाजाने वेल्हे, ही तुम्हाला माहीत आहेच. तोरण्याच्या पलीकडे हारपूड, वरोती, मोहरी या पट्ट्यात गाडीरस्ते आले आहेत, पण गाडी वेल्ह्याहून मागवावी लागते आणि यायला वेळ लागतो. एकदा सिंगापूर नाळेत पाऊल टाकलं की मात्र माघार नाही. जखमी पायाने ती नाळ उतरणं ज्याला जमणार नाही, त्याने मोहरीतूनच गाडी धरावी.

---

कारवी

बूट कधी चावतात? कातडी ओली असते, तापलेली असते आणि हाड आत सरकताना वरची कातडी बुटाला चिकटून तिथेच राहते. थर एकमेकांवर सरकले की मध्ये पाणी भरतं. म्हणून तीनच गोष्टी हातात आहेत: पाय कोरडे ठेवा, सरकणं कमी करा, आणि चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबा.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात एखादी उतरती फळी किंवा जिना असेल तर उतरून बघा, बोटं पुढे आदळली तर तो नंबर तुमचा नाही. नवे बूट घालून थेट निघू नका. आधी भरलेली सॅक घेऊन सिंहगड किंवा तसाच एखादा उभा चढ-उतार दोन-तीनदा झाला पाहिजे.

पळायचे बूट वाईट असतात असं नाही. सह्याद्रीत त्यांची अडचण वेगळी आहे: तळवा मऊ, त्यामुळे मुरमाड घसाऱ्यावर पाय वळतो, आणि जाळीतून धूळ आत जाते. ती बारीक माती घामात कालवली की मोज्यात पॉलिश पेपर तयार होतो. दर दोन तासांनी बूट काढून झटकले तर तेच बूट चालतात. पाणी न शिरणारे अस्तर असलेले बूट जानेवारीत घेऊ नका. त्यातून घामही नीट बाहेर जात नाही, पाय दिवसभर उकडतात.

सुती मोजे घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वाळत नाही. लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक मोज्यांचे तीन जोड पुरतात: एक पायात, एक सॅकवर वाळत, आणि एक फक्त झोपायला. हा तिसरा जोड काहीही झालं तरी चालायला काढायचा नाही. जेवणाच्या थांब्याला बूट-मोजे काढून पंधरा-वीस मिनिटं पाय उन्हात ठेवा आणि मोजे बदला. याला काही खर्च नाही, तरी गटातले निम्मे लोक कंटाळा करतात.

नाडी बांधण्याची पद्धत उतारासाठी बदलायची. सगळ्यात वरच्या दोन भोकांमधून नाडी त्याच बाजूला आत घालून लहानसा फास करायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून मग गाठ मारायची. टाच मागे पक्की बसते, बोटं पुढे आदळत नाहीत. आळू दरवाजातून बाहेर पडण्याआधी आणि सिंगापूर नाळेच्या तोंडाशी सगळ्यांनी नाड्या पुन्हा बांधायच्या. चढाला त्या थोड्या सैल चालतात. पायाची नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कापली तर कडा बोचतात.

आता पट्टी. कागदी मायक्रोपोर घामात तासाभरात सुटते, ती नको. झिंक ऑक्साइडची कापडी चिकटपट्टी घ्या, औषधाच्या दुकानात रीळ मिळतं. ज्यांना टाचेला फोड येतोच हे माहीत आहे त्यांनी घरूनच लावून निघायचं: कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करायची, पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापायचे, सुरकुती न पाडता लावायची आणि तळहाताने मिनिटभर चोळून गरम करायची. कोपरे चौकोनी ठेवले तर मोजा ते उचलतो आणि गुंडाळी होऊन नवा फोड येतो. ही पट्टी रोज ओढून काढू नका, दोन-तीन दिवस राहू द्या. काढायची झाली की कोमट पाण्यात भिजवून हळूच.

आणि गटाचा नियम करा: गुंजवण्यातून निघाल्यावर पाऊण तासाने सगळ्यांनी थांबायचं, बूट काढायचे, पाय बघायचे. लाल आणि गरम झालेली जागा दिसली तर पट्टी. "आता वर जाऊनच बघतो" म्हणणाऱ्याला तिथेच बसवा. लाल जागेचा फोड व्हायला चढावरचा एक तास पुरतो.

---

साधा_डॉक्टर

फोड, मांड्या आणि मुंग्या, तिन्हींवर थोडं थोडं लिहितो.

फोड लहान असेल आणि दाबाखाली येत नसेल तर फोडू नका. बोराएवढा टम्म फुगलेला, टाचेवर, आणि अजून दोन दिवस चालायचं असेल तर तो चालताना आपोआप घाणीत फुटण्यापेक्षा नीट रिकामा केलेला बरा. हात धुवा, जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसा, पाकिटातली निर्जंतुक सुई वापरा. कडेला, तळाजवळ, दोन-तीन भोकं पाडून कापसाने दाबून पाणी काढा. वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच सगळ्यात चांगली मलमपट्टी आहे. वर गॉजचा तुकडा ठेवून मग चिकटपट्टी, नाहीतर काढताना पट्टीबरोबर कातडीही येईल. रक्ताने भरलेला फोड फोडू नका. मधुमेह असलेल्याने कुठलाच फोड डोंगरात फोडू नये.

दाब काढायला जाड फोम लागतो. कॅरीमॅटचा कोपरा रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट कापा, मध्ये फोडाएवढं भोक पाडा, ते कडं फोडाभोवती बसवून पट्टी मारा. भोक फोडापेक्षा लहान पडलं तर उलट काम होतं. हे कडं घालून बूट घट्ट होत असेल आणि आत दुसरा पातळ मोजा घातला असेल, तर तो काढा.

फोडाभोवतीचा लालसरपणा पसरत चालला, पू आला, पायावरून वर लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर ट्रेक तिथे संपला. मग मतदान घ्यायचं नाही.

मांड्यांना काच पडतो तो घाम वाळून उरलेल्या मिठामुळे आणि सुती आतल्या कपड्यांच्या शिवणीमुळे. मांडीच्या निम्म्यापर्यंत येणारी, सिंथेटिक, अंगाला चिकटून बसणारी चड्डी घ्या. शिवण आतल्या बाजूला नको. निघण्याआधी जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, दुपारी पुन्हा. मुक्कामाला पोचलं की घोटभर पाण्याने का होईना, मीठ पुसून काढा, कोरडं करा, सैल कपडे घाला. टाल्कम पावडर घामात भिजली की गोळे होतात आणि तेच घासतात. कातडी सोलवटलीच असेल तर जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा. औषधाच्या दुकानात "खाज-गजकर्ण, सगळ्यावर चालतं" म्हणून मिळणारी मिश्र मलमं लावू नका, त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. जांघेत आधीच बुरशी असेल तर ती दबते आणि नंतर पसरते.

बोटांच्या मुंग्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. खांद्याचा पट्टा मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतो. वजन कमरेवर गेलं की बहुतेकदा थांबतात. सॅक उतरवून अर्ध्या तासात संवेदना परत आली नाही, किंवा हात उचलायला जड वाटला, तर तिने पुढे ती सॅक उचलायची नाही. याच्या उलट प्रकारही होतो: कमरेचा पट्टा पोटाखाली फार आवळला की मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग किंवा बधिरपणा येतो. पट्टा वर घ्या, थोडा सैल करा, जातो.

वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल ठेवा. पाणी कमी प्यायलेल्या, उन्हात घामाघूम झालेल्या माणसाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. शिवाय दुखणं दाबून चालल्याने जखम वाढते ते वेगळंच.

जलसंजीवनीची पाकिटं माणशी चार. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं करून अर्ध्या बाटलीत अंदाजे नाही. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

---

टाकंपाणी

सॅक बसवायची कशी ते राहिलं, तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न तोच आहे.

मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड सगळ्यात जास्त उठून दिसतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपने मोजा. ही पाठीची लांबी. सॅकचं माप या लांबीवर ठरतं, माणसाच्या उंचीवर नाही. भावाची ६० लिटरची सॅक उसनी घेतली आणि पाठ दोन इंच मोठी निघाली की कमरेचा पट्टा पार्श्वभागावर येतो आणि सगळं ओझं खांद्यावर. मुंग्यांचं कारण बहुधा हेच असणार.

घालताना सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नाही, हाडांवर, पट्ट्याची मधली रेघ हाडाच्या कडेवर येईल असा. तो आवळून झाला की खांद्याचे पट्टे फक्त टेकतील इतके ओढा. मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, ते तिरके, साधारण ४५ अंशांत यायला हवेत. छातीचा पट्टा शेवटी, श्वास अडणार नाही असा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. नाही गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध, हलकं बाहेर. पाण्याच्या चारही बाटल्या बाहेरच्या खिशांत लावल्या की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. दोन लिटर आत पाठीशी, बाकी बाहेर. कातळटप्प्यावर बाजूला लोंबणारी मॅट अडकते, ती उभी बांधा.

कारवी यांच्या मोज्यांना एक पुरवणी. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घातले तर घर्षण मोज्या-मोज्यांत होतं, कातडीशी नाही. पण हे बुटात जागा असेल तरच. घट्ट बुटात दोन मोजे म्हणजे फोडाची खात्रीच, तिथे एकच चांगला मोजा बरा.

झोपेकडे लोक चैन म्हणून बघतात. सलग दुसरी रात्र जागून काढलेला माणूस तिसऱ्या दिवशी पाय टाकण्यात चुका करतो. मुक्कामाच्या देवळाची दगडी फरशी अंगातली ऊब ओढून घेते, तिथे स्लीपिंग बॅगपेक्षा मॅट महत्त्वाची. दहा मिलिमीटरचा बंद फोम घ्या, खाली वर्तमानपत्राचे दोन थर. शनिवारी रात्री राजगडावर गर्दी आणि गप्पा असतात, म्हणून गुरुवारी निघा, आणि कानात घालायचे फोमचे बोळे ठेवा. खाऊ सॅकमध्ये उशाशी ठेवू नका, उंदीर सॅक कुरतडतात. पिशवी दोरीने टांगा.

पाळी चालू असेल किंवा मध्येच येण्यासारखी असेल तर आधी ठरवून ठेवा. पॅडची कड आणि घाम मिळून जांघ सोलवटते, त्यामुळे कप वापरायची सवय असेल तर तो सोयीचा. सवय नसेल तर ट्रेकमध्ये पहिल्यांदा करून बघायची गोष्ट नाही ती. वापरलेले पॅड काळ्या पिशवीत घालून परत खाली. टाक्याजवळ काही धुवायचं नाही, पाणी काढून लांब न्यायचं. ते पाणी पुढचेही पितात.

---

धारकरी_५

सगळ्यांचे आभार, पाठी मोजून झाल्या. तिघांच्या सॅक मोठ्या निघाल्या.

एक राहिलं. समजा खिंडीत एकाचंच बिनसलं तर बाकी चौघांनी पुढे जायचं की सगळ्यांनी परत?

---

मेटकरी

घरून निघण्याआधी ठरवा, डोंगरात याची चर्चा नेहमी चिघळते. दुखणारा "मी जातो एकटा" म्हणतो आणि बाकीचे संकोचाने गप्प बसतात. पाच जणांत सोपं आहे: दोघं परत, तिघं पुढे. परत जाणारा दुसरा कोण हे आधीच ठरलेलं असावं, आणि तो वाट माहीत असलेला असावा. एकट्याला कधीही नाही. चौघांच्या गटात हेच करायचं तर पुढे दोघंच उरतात, तेव्हा मोहरीहून वाटाड्या घ्या किंवा सगळे परत या.

म्हणूनच सामानाची वाटणी जोडीने करा. एका जोडीकडे स्टोव्ह आणि दुसरीकडे गॅस असं झालं तर फुटता येत नाही. औषधांची पिशवी दोन, पट्टीची रिळं दोन, नकाशा उतरवलेले फोन दोन. निघताना कोणाकडे किती पाणी आहे ते बघून वाटून घ्या. पुढे जाणाऱ्यांना बुधला माचीच्या चढाला जास्त लागतं, खाली रस्त्यावर थांबणाऱ्यांना कमी.

निकष साधा ठेवा: सपाट वाटेवर लंगडत असेल तर परत. लंगडा माणूस चांगल्या पायावर भार टाकतो आणि संध्याकाळपर्यंत तो गुडघाही जातो. बुधला माचीकडून कोकण दरवाजाने वर जाताना दोन्ही पाय धड लागतात.

---

कारवी

काठ्यांचं कोणी लिहिलं नाही. दोन घ्या, एक नाही. उतारावर नेहमीपेक्षा पाच-दहा सेंटीमीटर लांब करा आणि पावलं आखूड टाका. कातळटप्प्याआधी मात्र सॅकला बांधा, हात मोकळे हवेत.

सिंगापूर नाळेत दगड सुटे आहेत. एकाच्या खाली एक उभं राहू नका. वरच्याने दगड सोडला की ओरडायचं, आणि खालच्याने वर बघायचं नाही, बाजूच्या भिंतीला चिकटायचं. नाळ ऊन चढायच्या आत उतरून खालचं दापोली गाव गाठलं तर पुढची कोकणातली उकाड्याची चाल निभते. बोराट्याची नाळ त्याहून अवघड आहे, या गटाने भरलेल्या सॅकसह तिकडे वळू नये.

शेवटच्या दिवशी पाय संपलेच तर चित् दरवाजाच्या पायऱ्या चढायच्या ऐवजी हिरकणीवाडीतून रोपवे आहे. गर्दीच्या दिवशी रांग मोठी असते, त्यामुळे कोकणात उतरल्या उतरल्या रोपवेवाल्यांना फोन करून शेवटची फेरी किती वाजता आहे ते विचारा. पाचाडहून महाडला जायची गाडीही तेव्हाच ठरवून टाका.